फाउंटन पेन

फाउंटन पेन (झरणी, शाईपेन किंवा शाईचे पेन) हे पाण्यासारख्या पातळ शाईचा साठा स्वतःच्या पोटात बाळगणारे आणि ती शाई धातूच्या निबेवाटे कागदावर उतरवणारे लेखनसाधन आहे. बोरू व टाक यांप्रमाणे ते पुन्हा पुन्हा दौतीत बुडवावे लागत नाही. बॉलपेनप्रमाणे त्याच्या टोकाला फिरणारी गोळीही नसते. शाईचा प्रवाह केशाकर्षण, गुरुत्वाकर्षण आणि हवेचा दाब यांच्या समतोलावर चालतो. त्यामुळे लिहिताना कागदावर जोर द्यावा लागत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फाउंटन पेन हे जगभर रोजच्या लेखनाचे प्रमुख साधन होते. बॉलपेनच्या प्रसारानंतर त्याचा सार्वत्रिक वापर घटला. तरीही जपान, जर्मनी, इटली, तैवान, चीन आणि भारत या देशांत त्याचे उत्पादन चालू आहे. प्राथमिक श्रेणीतील पोलादी निबेच्या पेनांपासून सोन्याच्या निबेच्या महागड्या पेनांपर्यंत त्याचे असंख्य प्रकार बाजारात मिळतात. त्यांतून पेन निवडताना निब, जीभ (फीड), शाई भरण्याची पद्धत, हाताला होणारी पकड आणि सुट्या भागांची उपलब्धता हे घटक निर्णायक ठरतात. बाह्य सजावट, निबेतील सोन्याचे प्रमाण आणि केवळ नावाचा जुनेपणा यांचा लेखनाच्या दर्जाशी असलेला संबंध त्यामानाने दूरचा आहे.

इतिहास

पेनाच्या पोटात शाई साठवण्याचे प्रयत्न जुने आहेत. रूमानियाचे पेत्राके पोएनारू यांना पॅरिसमध्ये शिकत असताना १८२७ मध्ये अशा पेनासाठी फ्रेंच सरकारचे एकस्व मिळाले. मात्र एकोणिसाव्या शतकातील बहुतेक पेनांत एक मूलभूत दोष होता. शाई बाहेर पडते तितकीच हवा आत जायला हवी. हवेला वाट नसेल तर शाई अडते आणि वाट मोठी झाली तर शाई एकदम ओघळते. न्यू यॉर्कचे लुइस एडसन वॉटरमन यांनी १८८४ मध्ये एकस्व घेतलेल्या पेनात निबेखालच्या जिभेला बारीक खाचा पाडल्या होत्या. त्या खाचांतून शाई बाहेर येते व हवा आत जाते. आजच्या प्रत्येक फाउंटन पेनाच्या जिभेत हेच तत्त्व वापरलेले असते.

पुढील काळातील बहुतेक सुधारणा शाई भरण्याच्या सोयीशी संबंधित होत्या. आरंभीची पेने ड्रॉपरने भरावी लागत. वॉल्टर शेफर यांनी १९०८ मध्ये तरफेने शाई भरण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले. तीत पेनाच्या बाजूची छोटी तरफ उचलली की आतील रबरी पिशवी दाबली जाई आणि तरफ सोडताच शाई आत ओढली जाई. जर्मनीच्या पेलिकन कंपनीने १९२९ मध्ये फिरकीने मागेपुढे होणाऱ्या दट्ट्याचे (पिस्टनचे) पेन बाजारात आणले. जॉर्ज सॅफर्ड पार्कर यांनी १८८८ मध्ये स्थापन केलेल्या पार्कर कंपनीची ड्युओफोल्ड (१९२१), व्हॅक्युमॅटिक (१९३३) आणि झाकलेल्या निबेचे पार्कर ५१ (१९४१) ही पेने या काळात विशेष गाजली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये बॉलपेनची मोठ्या प्रमाणावर विक्री सुरू झाली. १९५० नंतर स्वस्त बॉलपेने सर्वत्र पोहोचली. फाउंटन पेनच्या उत्पादकांनी त्याला दोन प्रकारे उत्तर दिले. एकीकडे शाईने भरलेल्या बदलत्या नळ्या, म्हणजे कार्ट्रिज, आणि जपानच्या पायलट कंपनीचे बिनटोपणाचे 'कॅपलेस' (१९६३) यांसारखी सोयीची पेने आली. लॅमी कंपनीचे 'सफारी' (१९८०) विद्यार्थ्यांसाठी बनवण्यात आले. दुसरीकडे १९८० च्या दशकापासून फाउंटन पेन ही प्रतिष्ठेची वस्तू म्हणून पुढे करण्यात आली. पेलिकनचे एम८०० (१९८७) आणि पार्करचे ड्युओफोल्ड सेंटेनिअल (१९८८) ही त्या वळणाची उदाहरणे आहेत. एकाच वस्तूचे 'रोजचे साधन' आणि 'मिरवण्याची वस्तू' असे दोन बाजार तेव्हापासून समांतर चालत आले आहेत. पेन निवडताना होणारा बराचसा गोंधळ या दुहेरी स्वरूपातून निर्माण होतो.

रचना व कार्य

फाउंटन पेनाचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे:

• निब : कागदाला टेकणारे धातूचे टोक. तिला मधोमध चीर असते व त्यामुळे टोकाचे दोन भाग होतात.
• जीभ (फीड) : निबेखालचा खाचा असलेला भाग. ती प्लास्टिकची किंवा एबोनाइटची असते.
• पकड : निब व जीभ बसवलेला, बोटांत धरण्याचा भाग.
• दांडा : शाईचा साठा सामावणारा भाग.
• टोपण : निब सुकू नये यासाठीचे झाकण. ते दाबून किंवा आट्यांवर फिरवून बसते.

निब कागदाला टेकली की चिरेतील शाई कागदाचे तंतू शोषून घेतात. तिच्या जागी जिभेतील शाई पुढे येते आणि साठ्यात तेवढी हवा जाते. लिहिणे थांबले की पृष्ठताणामुळे शाई चिरेतच अडून राहते. जिभेच्या बाजूला आडव्या पापुद्र्यांची रांग असते. साठ्यातील हवा उष्णतेने प्रसरण पावली तर बाहेर ढकललेली जास्तीची शाई या पापुद्र्यांच्या फटींत साठते व थेंब पडत नाही. हाताच्या उबेने शाई ओघळण्याची तक्रार साठा थोडा उरलेल्या मोठ्या पेनांत अधिक आढळते, कारण त्यांत हवेचे प्रमाण जास्त असते.

निब आणि जीभ यांची जोडी जुळलेली असणे हे चांगल्या पेनाचे पहिले लक्षण मानले जाते. जीभ आवश्यक तेवढी शाई पुरवत नसेल तर उत्तम घडणीची निबही अडखळते. उलट, जुळलेल्या जिभेवर बसवलेली साधी पोलादी निब वर्षानुवर्षे एकसारखी चालते.

निब

धातू

निब स्टेनलेस स्टीलची किंवा सोन्याची असते. सोन्याच्या निबा बहुधा १४ किंवा १८ कॅरटच्या असतात. त्यांवर अनुक्रमे ५८५ किंवा ७५० हा आकडा कोरलेला आढळतो. जपानच्या सेलर कंपनीच्या काही निबा २१ कॅरटच्या असतात. कागदाला प्रत्यक्ष टेकतो तो ठिपका मात्र सोन्याचा किंवा पोलादाचा नसून वेगळ्या कठीण मिश्रधातूचा असतो. त्याला रूढ भाषेत 'इरिडियम' म्हणतात, परंतु आधुनिक निबांत त्यासाठी बहुधा ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंची मिश्रणे वापरतात. निबेचा गुळगुळीतपणा या ठिपक्याच्या घासणीवर अवलंबून असतो.

सोन्याचा मूळ उपयोग गंजरोधक म्हणून होता. मायफळ आणि हिराकस यांपासून बनणारी जुनी शाई आम्लधर्मी असे व साध्या पोलादाला खाऊन टाकत असे. स्टेनलेस स्टील आणि सौम्य रंगद्रव्यांच्या शाया आल्यावर हे कारण बरेचसे उरले नाही. सोन्याची निब लवचीक असतेच, हाही सार्वत्रिक समज आहे. लवचीकपणा धातूइतकाच पत्र्याची जाडी, खांद्याची रुंदी व चिरेची लांबी यांवर ठरतो. सोन्याच्या अनेक आधुनिक निबा पोलादी निबांइतक्याच ताठ असतात.

टोकाची जाडी

निबेच्या टोकाची जाडी अतिबारीक (ईएफ), बारीक (एफ), मध्यम (एम) व रुंद (बी) अशा श्रेणींत सांगितली जाते. या श्रेणी सर्व कंपन्यांत सारख्या नसतात. चिनी-जपानी चित्राक्षरे लहान चौकोनात अनेक रेघांनी लिहावी लागत असल्याने जपानी निबा युरोपीय निबांपेक्षा साधारण एका श्रेणीने बारीक असतात. जपानी मध्यम निबेची रेघ अनेकदा युरोपीय बारीक निबेइतकी भरते. शाई आणि कागद बदलला तरीही रेघेची जाडी बदलते.

देवनागरी लेखनासाठी

देवनागरी लेखनात जाडीची निवड अक्षराच्या आकारावर अवलंबून असते. लहान अक्षर काढणाऱ्यांच्या हातात जाड निब असल्यास 'ष', 'ब', 'क्ष', 'श्र' यांसारख्या अक्षरांतील पोकळ्या भरून जातात आणि अनुस्वार, रफार व मात्रा शिरोरेघेत मिसळतात. वहीच्या एकेरी रेघांत मध्यम आकाराचे अक्षर लिहिण्यासाठी युरोपीय अतिबारीक किंवा बारीक आणि जपानी बारीक किंवा मध्यम निबा सोयीच्या ठरतात. स्वाक्षरी, मोठे अक्षर किंवा शीर्षके यांसाठी रुंद निब उपयोगी पडते.

सपाट तिरक्या कापाच्या निबा सुलेखनासाठी वापरल्या जातात. पाश्चात्त्य सुलेखनातील निबेचा कोन रोमन लिपीच्या जाड-बारीक रेघांना अनुसरून असतो. देवनागरीसाठी बोरूचा पारंपरिक काप त्याच्या उलट दिशेला असतो. त्यामुळे रोमन लिपीसाठी तयार केलेल्या सपाट निबेने नेहमीच्या पकडीत देवनागरी लिहिल्यास परंपरागत वळण मिळत नाही. देवनागरी सुलेखनासाठी उलट्या कापाची निब घ्यावी लागते किंवा हाताचा कोन बदलावा लागतो. दैनंदिन लेखनात गोल टोकाची निब हा प्रश्न उद्भवू देत नाही.

शाई भरण्याच्या पद्धती

ड्रॉपर : दांडा उघडून त्यात थेट शाई ओततात. साठा सर्वांत मोठा असतो, बहुधा २ ते ४ मिलिलिटर. बिघडण्यासारखा भाग जवळपास नसतो. मात्र शाई कमी झाल्यावर हाताच्या उबेने थेंब पडण्याची शक्यता असते. भारतीय एबोनाइट पेनांत ही पद्धत दीर्घकाळ टिकून आहे.

कार्ट्रिज : शाईने भरलेली बंद नळी पकडीत खोचतात. प्रवासात ती सर्वांत सोयीची असते. 'आंतरराष्ट्रीय' मापाची लहान कार्ट्रिज सुमारे ३८ मिलिमीटर लांब असून ती अनेक युरोपीय पेनांना चालते. पायलट, सेलर, प्लॅटिनम, लॅमी, पार्कर व क्रॉस यांची मापे मात्र स्वतंत्र आहेत. एकाची नळी दुसऱ्याला बसत नाही.

कन्व्हर्टर : कार्ट्रिजच्या जागी बसणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी छोटी नळी. तिच्यामुळे दौतीतील कोणतीही योग्य शाई वापरता येते. साठा साधारण ०.५ ते १ मिलिलिटर असतो. ती बिघडल्यास पेन न बदलता केवळ तीच बदलता येते.

दट्ट्या (पिस्टन) : मागची फिरकी फिरवून शाई दांड्यातच ओढली जाते. साठा बहुधा १ ते १.५ मिलिलिटर असतो. पेलिकन, माँ ब्लाँचे माइस्टरश्ट्युक १४६ व १४९, लॅमी २००० आणि ट्विस्बी यांची पेने या प्रकारची आहेत. कार्ट्रिज चालत नाही आणि धुण्यास वेळ लागतो.

निर्वात पद्धत : मागचा दांडा ओढून दाबल्यावर आत निर्वात पोकळी तयार होते व शाई एका झटक्यात भरली जाते. पायलटचे कस्टम ८२३ हे याचे परिचित उदाहरण आहे. अशा पेनांत मागील झडप बंद केली की साठ्याकडून येणारी शाई थांबते, म्हणून ती विमान प्रवासात सुरक्षित मानली जातात. दीर्घ लेखनात मात्र मागची फिरकी किंचित सैल ठेवावी लागते.

प्रमुख उत्पादक

जपान

पायलट (स्थापना १९१८), सेलर (१९११) आणि प्लॅटिनम (१९१९) या जपानच्या तीन प्रमुख कंपन्या आहेत. तिन्ही कंपन्या निबा स्वतः घडवतात. पायलटची मेट्रोपॉलिटन व काकुनो ही प्राथमिक श्रेणीची पेने पोलादी निबेची असून कस्टम ७४ पासून पुढे सोन्याची निब मिळते. सेलरच्या निबा कागदावर पेन्सिलीसारखा हलका स्पर्श जाणवणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. प्लॅटिनमच्या '३७७६' या पेनाला फुजी पर्वताच्या मीटरमधील उंचीवरून नाव मिळाले. २०११ मधील '३७७६ सेंच्युरी' या आवृत्तीत टोपणाच्या आत स्प्रिंगवरची हवाबंद वाटी आहे. पेन न वापरता दोन वर्षांपर्यंत ठेवले तरी शाई सुकत नाही, असा कंपनीचा दावा आहे.

जर्मनी

पेलिकन, माँ ब्लाँ, लॅमी, कावेको आणि फाबर-कास्टेल या जर्मनीतील प्रमुख कंपन्या आहेत. हायडेलबर्ग येथील लॅमी (स्थापना १९३०) कंपनीचे गेर्ड म्युलर यांनी रेखाटलेले 'लॅमी २०००' हे १९६६ पासून मूळ रूपात फारसा बदल न होता बनत आहे. 'सफारी' या पेनाची निब साध्या हाताने ओढून बदलता येते. त्याची पकड तिकोनी खाचांची आहे. हँबर्गच्या माँ ब्लाँचे माइस्टरश्ट्युक हे नाव १९२४ पासून वापरात आहे. त्याच्या निबेवर कोरलेला ४८१० हा आकडा माँ ब्लाँ शिखराची उंची दर्शवतो. निब बनवणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांत बॉक आणि योवो या जर्मन कंपन्या महत्त्वाच्या आहेत. अनेक देशांतील भिन्न नावांच्या पेनांत प्रत्यक्षात त्यांच्याच निबा बसवलेल्या असतात.

इतर देश

अमेरिकेत उगम पावलेल्या पार्कर, वॉटरमन, शेफर आणि क्रॉस या कंपन्यांची मालकी अनेकदा बदलली आहे. पार्कर व वॉटरमन ही नावे न्यूएल ब्रँड्सकडे असून त्यांचे उत्पादन फ्रान्समध्ये होते. शेफरचा आयोवा राज्यातील फोर्ट मॅडिसन येथील कारखाना बंद झाला. त्यानंतर हे नाव बिककडून क्रॉसकडे आणि २०२२ मध्ये बंगळूरूच्या विल्यम पेन कंपनीकडे आले. इटलीत ऑरोरा (तुरीन, १९१९) आणि व्हिस्काँती (फ्लॉरेन्स, १९८८) या कंपन्या परिचित आहेत. तैवानची ट्विस्बी कंपनी पारदर्शक दांड्याची, दट्ट्याची पेने तुलनेने कमी किमतीत बनवते. शांघायच्या हीरो कंपनीचे ६१६ हे पार्कर ५१ च्या धर्तीवरचे पेन आहे. हीरो पेने भारतातही मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

भारतातील फाउंटन पेन

भारतात फाउंटन पेन व शाई यांचे उत्पादन स्वदेशीच्या चळवळीशी जोडलेले आहे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथील रत्नम पेनांचा उगम महात्मा गांधींच्या स्वदेशीविषयक आवाहनात असल्याचे सांगितले जाते. गांधीजींनी १९३५ मध्ये पत्राने त्या पेनाची पोच दिली होती. राजमहेंद्री येथेच गायडर पेनांचे उत्पादन सुरू झाले. तमिळनाडूत रंगा व गामा, कानपूरमध्ये कॅनराइट आणि मुंबईत एअरमेल कंपनीची 'वॅलिटी' ही नावे पेनप्रेमींना परिचित आहेत. एबोनाइटच्या कांडीवर लेथने हाताने दांडा घडवणे हे दक्षिण भारतीय पेनांचे वैशिष्ट्य आहे.

शाईच्या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' या नावाने शाईची पूड व वड्या बनवण्यास आरंभ केला. पुढे 'कॅमल' शाई आणि कॅमलिन कंपनी यांच्या रूपाने हा उद्योग देशभर पोहोचला. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठी भागीदारी घेतली. बंगालमध्ये १९३४ मध्ये सुरू झालेली 'सुलेखा' शाईही स्वदेशीच्याच भावनेतून जन्मली. पार्करची पेने भारतात दीर्घकाळ लक्सर कंपनीने परवान्याखाली बनवली. त्यामुळे हे नाव भेटवस्तूच्या पेनाचा जवळजवळ पर्याय बनले.

निवडीचे निकष

हेतू

रोज अनेक पाने लिहिणारा विद्यार्थी, दिवसातून काही स्वाक्षऱ्या करणारा अधिकारी आणि सुलेखन करणारा कलावंत यांच्या गरजा वेगळ्या असतात. दीर्घ लेखनासाठी हलके पेन, मोठा साठा व एकसारखा प्रवाह महत्त्वाचा असतो. अधूनमधून वापरण्यासाठी शाई न सुकू देणारे टोपण हा सर्वांत मोठा गुण ठरतो. उभ्याने, घाईत टिपणे घेणाऱ्यांना फिरवून उघडण्याच्या टोपणापेक्षा दाबून बसणारे टोपण किंवा बिनटोपणाचे पेन उपयुक्त असते.

वजन व पकड

प्लास्टिकच्या लॅमी सफारीचे वजन सुमारे १७ ग्रॅम, तर पितळी दांड्याच्या पायलट मेट्रोपॉलिटनचे सुमारे २६ ग्रॅम असते. जड पेन हे दर्जेदार असते, असा समज प्रचलित आहे. मात्र दीर्घ लेखनात एकूण वजनापेक्षा त्याचा तोल महत्त्वाचा असतो. टोपण मागे लावल्यावर भार मागे झुकत असेल तर बोटांना निब खाली धरून ठेवावी लागते आणि हात लवकर दमतो. धातूची गुळगुळीत पकड घामाने निसटते. ही अडचण कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात अधिक जाणवते. बारीक पकडीमुळे बोटे आवळली जातात, म्हणून बॉलपेनच्या सवयीने घट्ट धरणाऱ्यांना जाड पकड आरामदायी वाटते. तिकोनी पकड आणि कॅपलेसची पकडीवर येणारी पट्टी सर्वांच्या हाताला जुळतेच असे नाही. डावखुऱ्या व्यक्तींचा हात लिहिलेल्या ओळीवरून सरकत असल्याने त्यांना बारीक निब व लवकर सुकणारी शाई सोयीची पडते.

सुटे भाग व सेवा

पेन अनेक वर्षे चालावे ही अपेक्षा असेल तर निब, कन्व्हर्टर व दट्ट्याचे रबरी भाग स्वतंत्रपणे मिळतात की नाही, हे नावाच्या जुनेपणापेक्षा महत्त्वाचे ठरते. कंपनीचे नाव टिकले तरी कारखाना, घडण आणि दुरुस्तीची सोय टिकतेच असे नाही. मालकी बदललेल्या कंपन्यांच्या बंद झालेल्या नमुन्यांचे भाग मिळणे अवघड जाते. याउलट लॅमी सफारीची निब सुटी विकत घेता येते. पेलिकनच्या दट्ट्याच्या अनेक पेनांची निब जिभेसह आटे फिरवून काढता येते. ट्विस्बीच्या अनेक पेनांसोबत पेन उघडण्याची चावी व वंगण दिले जाते. स्वतंत्र मापाची कार्ट्रिज लागणारे पेन घेताना ती कार्ट्रिज जवळच्या दुकानात मिळते का, हेही पाहावे लागते. अन्यथा कन्व्हर्टर सोबत घेणे इष्ट असते.

किंमत

किमतीचा आणि लेखनाचा संबंध सरळ प्रमाणात नाही. अत्यंत स्वस्त पेनांत निबेची घासणी व जिभेची जुळणी यांत एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत फरक पडतो. प्रस्थापित कंपन्यांच्या प्राथमिक श्रेणीत हा फरक बराच कमी होतो. त्या टप्प्यापर्यंत वाढलेल्या किमतीचा मोबदला प्रत्यक्ष लेखनात मिळतो. पुढील टप्प्यात दट्ट्या, मोठा साठा, चांगले टोपण व सोन्याची निब मिळते. त्याहून वरच्या किमतीत मुख्यतः दुर्मिळ साहित्य, जपानी माकी-ए लाखकाम, मौल्यवान धातू, मर्यादित आवृत्ती आणि नाव यांचे मूल्य असते. त्या वस्तूंचे सौंदर्यमूल्य खरे असले तरी त्यामुळे अक्षर सुधारत नाही. या कारणाने पहिले पेन प्राथमिक श्रेणीतील घेणे व निबेची पसंत जाडी, पकड आणि वजन यांचा अनुभव आल्यावर महाग पेनाचा विचार करणे, हा क्रम रूढ आहे.

खरेदीपूर्व तपासणी

शाईत बुडवून लिहून पाहिल्याशिवाय निबेची खात्री होत नाही. तपासणीत सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात:

• भिंगातून समोरून पाहता टोकाचे दोन्ही भाग एका पातळीत असणे. एक भाग वर-खाली असल्यास निब कागदाला ओरखडते.
• पेनाच्या स्वतःच्या वजनाने, जोर न देता रेघ उमटणे.
• सर्व दिशांनी काढलेल्या रेघांत व इंग्रजी आठाच्या आकड्यात रेघ न तुटणे. टोक अती गुळगुळीत घासले गेल्यास कागदाला चिरेची शाई टेकत नाही आणि अक्षराचा आरंभ कोरा जातो.
• शिरोरेघ एका दमात ओढल्यावर ती अखेरपर्यंत सारख्या जाडीची राहणे.
• काही मिनिटे टोपण लावून ठेवल्यावर पहिल्याच टेकणीत शाई येणे.

दुकानात निब केवळ बुडवून पाहिल्यास प्रवाह प्रत्यक्षापेक्षा अधिक भासतो, कारण जिभेला बाहेरून जास्तीची शाई लागलेली असते. म्हणून किमान अर्धे पान लिहिणे श्रेयस्कर असते. नामांकित पेनांच्या नकलाही बाजारात असतात. अनधिकृत विक्रेत्याकडून अती कमी किमतीत मिळणाऱ्या पेनाची हमी व दुरुस्ती मिळत नाही.

शाई व कागद

फाउंटन पेनात केवळ त्यासाठीच बनवलेली, पाण्यात विरघळलेल्या रंगाची शाई वापरतात. चित्रकलेची 'इंडियन इंक' लाखयुक्त असते. ती वाळल्यावर जिभेच्या खाचा कायमच्या बंद करते. पाण्याने न पुसणाऱ्या रंगकणयुक्त शाया आणि मायफळाच्या शाया दस्तऐवजांसाठी टिकाऊ असतात, परंतु त्या वापरणाऱ्या पेनाची सफाई वारंवार करावी लागते. एकाच पेनात दोन निराळ्या शाया मिसळल्यास गाळ बसू शकतो.

कागद फार शोषक असेल तर शाई फुटते, म्हणजे रेघेच्या कडा पसरतात व अक्षर पाठीमागे उमटते. असा दोष अनेकदा पेनाचा समजला जातो. शाई फुटणाऱ्या वहीवर ओली व रुंद निब निरुपयोगी ठरते. तेथे बारीक निब व कमी वाहणारी शाई हा उपाय असतो. फार गुळगुळीत कागदावर शाई फुटत नाही, पण ती सुकण्यास वेळ लागतो. पूर्वी त्यासाठी टीपकागद वापरत.

निगा

दर काही आठवड्यांनी आणि शाई बदलताना पेन थंड पाण्याने धुतात. गरम पाणी, स्पिरिट व ॲसिटोन यांमुळे एबोनाइट, सेल्युलॉइड व प्लास्टिक यांना इजा होते. दीर्घकाळ वापर नसल्यास पेन रिकामे करून, धुऊन ठेवले जाते. खिशात पेन निब वर ठेवून अडकवतात. विमान प्रवासात ते पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवल्यास गळती टळते. उन्हात तापलेल्या वाहनात पेन ठेवल्यास आतील हवा प्रसरण पावून शाई टोपणात उतरते.

निब दीर्घ वापराने लिहिणाऱ्याच्या कोनानुसार किंचित झिजते, असे मानले जाते. ती वाकण्याचे प्रमुख कारण मात्र जोर देऊन लिहिणे किंवा पेन निबेवर पडणे हे असते. योग्य निगा राखल्यास साध्या पोलादी निबेचे पेनही अनेक वर्षे चालते. दांडा, निब व साठा यांतील प्रत्येक भाग दुरुस्त करता येणे किंवा बदलता येणे, हे एकदा वापरून फेकण्याच्या पेनांच्या तुलनेत फाउंटन पेनाचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

हेही पहा

• बोरू
• टाक
• शाई
• बॉलपेन
• सुलेखन
• देवनागरी